चोरीस : साष्टीच्या स्वयंपाकघरातला इतिहास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या साष्टी बेटावर वसली, ते १५३४च्या वसईच्या तहाने पोर्तुगिजांकडे गेले आणि १७३७-३९च्या मराठी मोहिमेत सुटले. म्हणून उपनगरांत मिळणाऱ्या चोरिसाला ‘पोर्तुगीज अवशेष’ म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. नाव तेवढे पोर्तुगीज. गोव्यात वाइनची जागा माडीच्या व्हिनेगरने घेतली. मिरची मुळात अमेरिकेची. मीठ, आंबट आणि वाळवण यांमुळे मांस पावसाळ्यातही टिकते. या माळा उपनगरांत रुजवल्या त्या पोटापाण्यासाठी आलेल्या गोवेकरांनी. स्वातंत्र्यानंतर बोरिवलीत सरकारी बेकन कारखाना निघाला आणि मांस खारवण्याची विद्या यंत्रावर चढली. सत्तांच्या तारखा आपण नोंदवल्या; मीठ लावणाऱ्या हातांची नोंद अजून व्हायची आहे.