दिनविशेष : ६ ऑगस्ट – पॉयरोची निधनवार्ता

१९७५ साली याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर निधनवार्ता छापली : विख्यात बेल्जियन गुप्तहेर हर्क्युल पॉयरो यांचे इंग्लंडमध्ये निधन. हा गृहस्थ प्रत्यक्षात कधी जन्मलाच नव्हता. अगाथा ख्रिस्ती यांनी ‘कर्टन’ या कादंबरीत त्याला मारले होते, आणि ती तर अजून बाजारात यायची होती! आज कोणी शेवट असा आधीच फोडला, तर वाचक संपादकाला सोडणार नाहीत.

‘कर्टन’ ख्रिस्तीबाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलूपबंद ठेवली होती. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला संपवले, पण पुढे वाचकांच्या तगाद्यापुढे त्याला परत आणावे लागले. बाईंनी ती वेळच येऊ दिली नाही. पॉयरोला त्या पुरत्या कंटाळल्या होत्या, तरी वाचकांसाठी त्याला दशकानुदशके राबवले आणि त्याचा शेवट मात्र स्वतःच्या हाती ठेवला. पाच महिन्यांनी, १२ जानेवारी १९७६ रोजी, त्याही गेल्या.

लेखकामागे त्याच्या पात्रावर हक्क कोणाचा, हा वाद आजही चालू आहे. २०१४ मध्ये ख्रिस्ती कुटुंबाच्या संमतीने सोफी हॅना यांनी पॉयरोची नवी कादंबरी लिहिली; पण तिचे कथानक १९२९ सालातले. ‘कर्टन’मधला मृत्यू त्यांनाही ओलांडता आला नाही, त्याच्या अलीकडेच जागा शोधावी लागली.