हार मानण्याची विद्या

ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायला आज देशोदेशीची तरुण मुलं रिओ दी जानेरोला जातात. पण ही विद्या ब्राझीलमध्ये आली तीच मुळी एका परदेशी माणसाबरोबर.

मित्सुयो माएदा हा टोकियोच्या कोदोकानचा जुदोपटू. १९०४ साली तो जपानमधून निघाला. देशोदेशी कुस्त्या खेळत १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि पुढे बेलेम शहरात स्थायिक झाला. तिथे कार्लोस ग्रेसी नावाचा मुलगा त्याच्याकडे शिकला. मग कार्लोसने रिओत स्वतःची शाळा काढली. धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ, म्हणून जमिनीवर पडून लढण्याचे डाव त्याने घोटून घेतले.

१९५१ साली जपानचा मासाहिको किमुरा रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये एलिओशी लढला. त्याने एलिओचा हात पिरगळला, तरी एलिओ हार मानेना. शेवटी त्याच्या बाजूच्यांनीच लढत थांबवली. गंमत बघा, तो डाव आज 'किमुरा' म्हणूनच शिकवतात. हरवणाऱ्याचं नाव हरलेल्यांनी जपलं.

या शाळांत पहिला धडा असतो तो थाप मारण्याचा. डाव बसला की समोरच्याच्या अंगावर हाताने थाप मारायची, की तो लगेच सोडतो. घरी पट्टा मिरवणारा परक्या देशात अनोळखी पोरापुढे थाप मारतो, आणि पुन्हा समोर बसतो.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. वाद जिंकायला पुष्कळांना शिकवलं. "पटलं, मी चुकलो" एवढं म्हणायला मात्र आम्हाला शिकवता आलं नाही. आम्हीच ते कुठे म्हणत होतो?