प्रोजेक्टला गिऱ्हाईक हवं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट चक्क विकत आणला. व्हायवा दिली, मार्क मिळाले. नोकरीत पहिल्याच महिन्यात माझ्या कोडमुळे लोकांची बिलं चुकली, तेव्हा कळलं, आपलं काम कुणीतरी वापरतं!

डॉ. श्रीनाथ कलबाग यांना हे फार आधी उमगलं होतं. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या दुष्काळी पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती हातांनी शिकली. तीही गावाला लागणारी कामं पैसे घेऊन करता करता. वेल्डिंग कच्चं राहिलं, की मार्क कापले जात नाहीत. गिऱ्हाईक परत येतं.

कॉलेजात आम्हालाही असं एखादं खडूस गिऱ्हाईक भेटायला हवं होतं.