छातीतला खटका

पेसमेकरजवळ चुंबक आणू नका, असं पेशंटला घरी सोडताना बजावतात. चुंबक ओळखणारा खटका त्या यंत्रात मुद्दाम बसवलेला असतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

हा खटका, म्हणजे रीड स्विच, मूळचा टेलिफोनवाल्यांचा. 1936 साली अमेरिकेत बेल लॅब्जच्या वॉल्टर एलवुड यांनी तो बनवला. काचेच्या सीलबंद नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पट्ट्या, टोकांशी केसभर फट. चुंबक जवळ आला की पट्ट्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. धूळ नाही, गंज नाही.

1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर आपल्याच चालीने ठोके देई. पुढच्या दशकात हृदयाचा ठोका ओळखून गप्प राहणारे ‘डिमांड’ पेसमेकर आले. पण गप्प यंत्र धड आहे की बंद पडलंय, हे बाहेरून ओळखायचं कसं? इथे रीड स्विच कामी आला. छातीवर चुंबक ठेवला की पेसमेकर हृदयाकडे लक्ष न देता ठरलेल्या वेगाने चालतो. काही यंत्रांत हा वेग मिनिटाला 85, बॅटरी संपत आली की 65. कातडीला सुईही न लावता बॅटरीची खबर! मला ही युक्ती खुद्द पेसमेकरइतकीच अव्वल वाटते.

हृदय फडफडू लागलं की शॉक देणाऱ्या, शरीरात बसवलेल्या आयसीडी या यंत्रात चुंबकाला वेगळं काम मिळालं: शॉक रोखून धरण्याचं. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारी कॉटरी वापरताना तिच्या विजेला यंत्राने हृदयाची फडफड समजू नये, म्हणून.

गोची अशी, की चुंबक कोणाचा, हे खटक्याला कळत नाही. साधारण 10 गाउसचं क्षेत्र त्याला पुरतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर पुनर्रचनेसाठी छातीत ‘एक्स्पांडर’ ठेवतात. ही पिशवी सलाइनने हळूहळू फुगवायची. सुई नेमकी कुठे टोचायची ते बाहेरून सापडावं म्हणून अनेक एक्स्पांडरच्या तोंडाशी चुंबक असतो. आयसीडी बहुधा डावीकडे, कॉलरबोनखाली. दोन्ही शेजारी आल्यावर आयसीडीने शॉक रोखून धरल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. पेशंटला काहीच जाणवत नाही. काही यंत्रं बीप करतात, काही मुकाट राहतात.

नव्या यंत्रांत काचेच्या नळीऐवजी इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले, पण चुंबकाशी ओळख कायम राहिली. काही आयसीडींत ती डॉक्टरांच्या प्रोग्रामर यंत्रावरून बंद करता येते. मात्र मग यंत्र बिघडून शॉकमागून शॉक बसणाऱ्या पेशंटच्या छातीवर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने चुंबक ठेवला, तरी शॉक थांबत नाहीत.