नारळी पौर्णिमेचा नेम

सालाबादप्रमाणे नारळी पौर्णिमेस मालवण बंदरावर आपल्या ज्ञातिबांधवांचीही दाटी होते. समोर कुरटे बेटावर, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन करून शिवछत्रपतींनी आरंभिलेला सिंधुदुर्ग उभा असतो. सागरास श्रीफळ अर्पण होते. स्त्रियाही नारळ लढवितात. आम्हांस मात्र या सणाचे मर्म संयमात दिसते. पावसाळ्यात दर्या खवळतो, मासळीची वीणही होते. म्हणून पूर्वी श्रीफळ अर्पण होईतो होड्या झापांखाली विसावत. आता यांत्रिक नौकांसाठी शासनास बंदीहुकूम काढावा लागतो. पूर्वजांनी जे रूढीने पाळिले, ते कायद्याच्या धाकानेही सर्वत्र पाळले जात नाही, हे शोचनीय होय. मुंबईकर बांधवांनी मुलांस सणाला आणावे, व नारळाबरोबर हा नेमही त्यांच्या हाती द्यावा.