ज्याचा डाव, त्याची पोथी

१९७४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून एक खोका विक्रीला निघाला. वर लाकडाच्या रेषांची नक्कल केलेला कागद, आत तीन बारक्या पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १,०००. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो विकणारा गॅरी गायगॅक्स विमा कंपनीतली नोकरी सुटल्यापासून घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून संसाराला हातभार लावत होता. बालमित्र डॉन के याने विमा पॉलिसीवर कर्ज काढून भांडवल घातलं, छपाईचे पैसे ब्रायन ब्लूमने दिले. खोके घरीच भरले गेले आणि टपालाने रवाना झाले.

आज एखादा माणूस एकट्याने असा खेळ रचून स्वतःच विकतो, तेव्हा त्याला ‘इंडी’ म्हणतात. बड्या कंपन्यांना कंटाळून कुणीतरी वेगळी चूल मांडली, असा त्याचा अर्थ लावला जातो. वंशावळ तपासली तर क्रम उलटा निघतो. हा खेळ घरातच जन्मला आणि कंपनी मागाहून उभी राहिली. असं का, हे कळायला खेळाचा गाभा पाहावा लागतो.

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण डंजन मास्टर. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि यशाची खात्री नसेल तिथे फासा पडतो. पुस्तकात नसलेलं काही कुणी करायला गेलं, तर निकाल मास्टर देतो. खेळाचं सगळं वेगळेपण या अधिकारात आहे, आणि तो अधिकार आला लष्करातून.

आपला चतुरंग इराणमार्गे युरोपात जाऊन बुद्धिबळ झाला. १७८० साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये हेलविग या गणिताच्या शिक्षकाने त्याच बुद्धिबळाचा पट १,६१७ घरांपर्यंत वाढवून युद्धाचा खेळ केला. १८२४मध्ये प्रशियाच्या राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने खरे नकाशे आणले, तोफांच्या माऱ्याचा हिशेब फाशांवर आणि कोष्टकांवर बसवला आणि दोन्ही बाजूंवर एक पंच नेमला. कोष्टकं वाढत गेली, खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६मध्ये व्हर्दी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सुचवलं की पंच अनुभवी असेल तर कोष्टकं कशाला? त्यालाच ठरवू द्या. १८८०मध्ये चार्ल्स टॉटन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगोस’ हे युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं. त्यातही पंचाचा अधिकार मोठा होता.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी हे जुनं पुस्तक मिनेसोटातल्या डेव्ह वेस्लीच्या हाती लागलं. १९६९मध्ये त्याने ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला आणि सैन्य देण्याऐवजी कुणाला महापौर केलं, कुणाला सावकार. खेळाडू कोपऱ्यांत जाऊन आपसात कारस्थानं करत बसले. वेस्लीला वाटलं, डाव फसला. खेळाडू मात्र पुढचा कधी म्हणून मागे लागले. त्यांतल्या डेव्ह आर्नेसनने हीच रीत ‘ब्लॅकमूर’ या आपल्या राक्षस-जादूगारांच्या जगात नेली आणि १९७२च्या अखेरीस गायगॅक्सला खेळून दाखवली. खोक्यातल्या पुस्तिकांवर दोघांची नावं आहेत.

त्यांतल्या तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकांनी वाचकांना सांगून टाकलं होतं की पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, कल्पना आमच्यावर सोपवू नका. वाचकांनी ते शब्दशः घेतलं. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेला नियम वाचून काही उमगेना. त्याने आपलेच नियम लिहिले. मूळ खेळाला लागणारे वीस पैलूंचे फासे सहज मिळत नव्हते, म्हणून सहा पैलूंच्या साध्या फाशांवर भागवलं, आणि १९७५मध्ये विद्यापीठाच्या छपाईविभागात ‘टनेल्स अँड ट्रोल्स’च्या शंभरेक प्रती काढल्या. कायद्याचीही आडकाठी नव्हती. अमेरिकेत कॉपीराइट मजकुराला मिळतो, खेळण्याच्या पद्धतीला मिळत नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणारी गायगॅक्सची कंपनी, टीएसआर, पुढे मोठी झाली, मग कर्जात बुडाली. १९९७मध्ये तिला विकत घेतलं ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने. तीही सिएटलजवळच्या एका तळघरातूनच वर आलेली. तिने २००० साली मूळ नियम खुल्या परवान्याखाली इतरांना वापरू दिले आणि छोट्या प्रकाशकांची रीघ लागली. दुसरीकडे रॉन एडवर्ड्ससारख्या रचनाकारांनी ‘इंडी’ची सरळ व्याख्या केली: ज्याने खेळ रचला, मालकी त्याची. पीडीएफमुळे आणि मागणीप्रमाणे छपाईमुळे भांडवलाची अडचण सरली. २०१०मध्ये व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांनी ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ काढलं. त्यांच्या रचनेवर इतरांनी आपले खेळ उभारावेत, परवानगी मागायची गरज नाही, ही त्यांची भूमिका. २०१३मध्ये जॉन हार्परचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ तर एका पानात मावला.

२०२३च्या जानेवारीत विझर्ड्सने तो जुना परवाना आवळायचा घाट घातला. जगभर ओरड झाली, कंपनी मागे हटली. इतकंच नव्हे, तर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम तिने क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. श्रेय दिलं की ते कुणीही बदलावेत, अनुवादावेत, छापून विकावेत, आणि दिलेली मुभा आता परत घेता येत नाही.

म्हणजे उद्या रत्नागिरीतल्या कुणी ड्रॅगनच्या जागी वेताळ बसवून हे नियम मराठीत आणले, छापले आणि विकले, तर कंपनीला पत्र लिहायची गरज नाही. फक्त मुखपृष्ठावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव मिरवता येणार नाही, कारण व्यापारचिन्ह अजून कंपनीचं आहे. वेताळावर तिचा हक्क नाही.