पोटातली दुर्बीण

अष्टमीत बचत गटाची बैठक बसली की कुणी ना कुणी पोट धरून असतेच. "काही नाही गं, पित्त आहे," म्हणायचं, गोळी घ्यायची, विषय संपला. म्हणून आज पोटात पाहणाऱ्या दुर्बिणीची गोष्ट सांगते.

१८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या माणसाच्या घशातून सरळ नळी पोटात घातली. नळी गेली, पण दिव्याचा उजेड आतपर्यंत पोचेना. १९५० च्या सुमारास जपानमध्ये नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा आला. फोटो निघायचे, पण आत काय आहे ते फिल्म धुतल्यावरच कळायचं! मग १९५४ मध्ये आपल्या पंजाबच्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासोबत लंडनमध्ये दाखवलं, की काचेच्या बारीक तंतूंची जुडी वाकवली तरी चित्र पलीकडे पोचतं. त्यावरून १९५७ साली अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण केली आणि आधी स्वतःच गिळली.

दिसायला लागलं, पण ओळखायचं कसं? साधी सूज, अल्सर आणि सुरुवातीचा कॅन्सर, तिन्ही नुसता लालसर डाग किंवा उथळ खळगा म्हणून दिसू शकतात. जपानी डॉक्टरांनी आत निळा रंग फवारला. आपण कपड्यांना नीळ घालतो ना, नावाने तिचाच भाऊबंद! तो खाचांत साचतो आणि उंचसखल भाग उठून दिसतो. पुढे कितीतरी पट मोठं दाखवणारी भिंग आली आणि निळा-हिरवा प्रकाशही. रक्त तो प्रकाश शोषून घेतं, म्हणून बारीक रक्तवाहिन्या गडद दिसतात. पोटाच्या निरोगी अस्तरात त्यांची जाळी मधाच्या पोळ्यासारखी नीटस असते. कॅन्सरच्या जागी ती वेडीवाकडी, तुटक होते आणि डागाची कड स्पष्ट दिसते.

अशी भिंगाची दुर्बीण सगळीकडे नसते. साध्या दुर्बिणीतूनही चिमट्याने तुकडा काढता येतो, त्याने दुखत नाही, आणि खात्री त्या तुकड्यावरूनच होते. गोळीने मात्र कॅन्सरची जखमही काही दिवस शांत होऊ शकते. वजन घटत असेल, शौचाला काळी होत असेल, घास अडकत असेल, तर डॉक्टरांना दुर्बिणीचं विचारा. कॅन्सर निघालाच, तर परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे आणि त्यांचंच खारघरचं केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे.

तपासणीला उपाशीपोटी जायचं. सकाळचा चहासुद्धा नाही.